सिगारेट सोडायचे पैसे देतात म्हणून गेलो होतो: आमच्या कॉलेजच्या स्कीमचा रिव्ह्यू

आधी रेटिंग देऊन टाकतो, म्हणजे ज्यांना एवढं वाचायचं नाहीये ते सुटतील. काउन्सेलिंग ५ पैकी साडेचार, कूपनं ५ पैकी ३, आणि फॉर्म भरून घेणारं ऑफिस ५ पैकी १, तो १ पण तिथला फॅन चांगला होता म्हणून. कॉलेजचं नाव टाकत नाहीये, पुण्यातलं इंजिनिअरिंग आहे एवढं बास.

मी थर्ड इयर मेकॅनिकल, मूळचा उदगीरकडचा. फर्स्ट इयरच्या पीएलमध्ये (परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुट्टीत) सिगारेट चालू झाली, एम-टूच्या, म्हणजे मॅथ्स-२ च्या पेपरच्या आदल्या रात्री. आधी मी "दोन कश दे ना" वाला होतो, मग अर्धी-अर्धी, मग स्वतःची सुट्टी (पाकीट न घेता एकेक) सिगारेट घ्यायला लागलो आणि सेकंड इयर संपेपर्यंत दिवसाला ८-९, सबमिशनच्या आठवड्यात तर मोजतच नव्हतो. (राज्यात सुट्टी सिगारेट विकायला २०२० पासून बंदी आहे म्हणे. आमच्या टपरीवाल्या मामांपर्यंत ही बातमी अजून पोचलेली नाही. आणि कॉलेजपासून १०० यार्डाच्या आत तंबाखू विकायचा नाही हा २००३ चा कायदा आहे, तो तर सोडाच, गेटपासून टपरीपर्यंत माझी ६० पावलं होतात, मोजलीत मी.)

तर क्लासच्या ग्रुपवर मेसेज आला की हेल्थ सेंटरमध्ये सिगारेट सोडायची स्कीम चालू होतीये, १२ आठवडे, काउन्सेलर मॅडमबरोबर ६ सिटिंग, आणि मशीनमध्ये फुंकर मारायची, आकडा खाली आला की कूपन. कूपन कुठे चालणार तर कँटीन, स्टेशनरी आणि झेरॉक्स. खरं सांगतो, झेरॉक्स वाचून मी गेलो. फुफ्फुसं वगैरे डोक्यातच नव्हती, सबमिशनला झेरॉक्सवाल्याकडे जी उधारी होते ती ज्याची झालीये त्यालाच कळेल.

कूपनचं गणित असं. पहिले ४ आठवडे सोमवार-गुरुवार अशी आठवड्यात दोनदा फुंकर, नंतर ८ आठवडे एकदाच. म्हणजे एकूण १६ वेळा. पहिल्या क्लीन रीडिंगला ५० रुपये, मग प्रत्येक सलग क्लीनला २० ने वाढ, ७०, ९०, ११० असं. आणि एकदा जरी आकडा वर गेला की त्या दिवशी शून्य आणि पुढच्या वेळी परत ५० पासून चालू, सापशिडीत ९८ ला साप चावतो ना, तसं. सगळे १६ क्लीन गेले तर ३२०० होतात. आता बघा, मी महिन्याला जवळपास ३६०० फुकत होतो, दिवसाला ८ आणि एक १५ ची धरा. म्हणजे तीन महिन्यांत जेवढं मिळणार त्यापेक्षा जास्त एका महिन्यात नुसतं न ओढून वाचणार होतं. मग ३२०० साठी कोणी का सोडेल? हा प्रश्न मी मॅडमना पहिल्याच दिवशी विचारला, जरा शहाणपणा दाखवायला. त्या म्हणाल्या, "वाचलेले ३६०० कधी हातात धरलेस का तू?" नाही धरले. वाचलेला पैसा दिसतच नाही, तो चहात, रिचार्जमध्ये, कुठेतरी जिरून जातो. कूपन मात्र पिवळ्या रंगाचं असतं आणि त्यावर शिक्का असतो.

मशीनबद्दल सांगतो कारण सगळ्यांना त्याचीच उत्सुकता असते. हातात मावेल एवढं यंत्र, पुढे पुठ्ठ्याची नळी, ती प्रत्येकाला नवी. श्वास आत घ्यायचा, १५ सेकंद धरायचा, मग सावकाश सगळा सोडायचा. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड (धुरातला विषारी वायू) किती आहे तो आकडा येतो पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग. आमच्याकडे ६ च्या खाली म्हणजे क्लीन. माझा पहिल्या दिवशी १९ आला. माझा रूममेट जन्मात कधी ओढलेली नाही, त्याला गंमत म्हणून फुंकायला लावलं तर ४, तो रोज स्वारगेटच्या ट्रॅफिकमधून अ‍ॅक्टिव्हावर येतो. आणि एक जण वाढदिवसाला कुठल्यातरी फार्महाऊसवर हुक्का ओढून आला, "हुक्का म्हणजे सिगारेट नाही ना" म्हणून निवांत बसला होता, त्याचा आकडा ३० च्या वर. कोळसा जळत असतो भावा त्याच्यावर, काय येणार मग.

आता काउन्सेलिंग. मला वाटलेलं की काळ्या फुफ्फुसाचे फोटो दाखवतील, पाकिटावर ८५ टक्के जागेत असतात तसे, ते बघून बघून आपण इतके निर्ढावलोय की त्या फोटोवरूनच कुठली पाकिटं नवीन आली ते ओळखतो. तसलं काही केलं नाही. मॅडमनी एक कोरा कागद दिला आणि म्हणाल्या, कालचा दिवस लिही, कितव्या वाजता कुठे कोणाबरोबर. नऊ सिगारेटी लिहिल्या. पहिली सकाळी उठल्या उठल्या, कशासाठी ते सगळ्यांना माहितीये, लिहायला लाज वाटत होती तर त्या म्हणाल्या लिही लिही, अर्ध्या लोकांची पहिली तीच असते. मग विचारलं, उठल्यावर किती मिनिटांत? म्हणलं दहा-पंधरा. त्यावरून म्हणे कळतं की शरीराला किती सवय लागलीये, अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर नुसत्या निश्चयावर सोडू नकोस, निकोटिनचं च्युइंगम लागेल तुला. मग म्हणाल्या, यातल्या तुला लागतात त्यांना गोल कर आणि नुसत्या होतात त्यांच्यावर फुली मार.

गोल तीनच निघाले. सकाळची, जेवणानंतरची आणि रात्री अभ्यासाची. बाकीच्या सहा? त्या सहाच्या सहा ठिकाणी मी एकच गोष्ट लिहिली होती: "टपरीवर, पोरांबरोबर."

हे मला स्वतःला दिसल्यावर जरा गप्पच झालो. म्हणजे नऊतल्या सहा सिगारेटी मी ओढायची इच्छा नसताना ओढत होतो, कारण लेक्चर सुटलं की सगळे टपरीवर जातात, कटिंग येतो, कोणीतरी पेटवतो, पुढे करतो, आणि आपण नको म्हणायचं तर काय सांगून म्हणायचं? "सोडली" म्हणलं की झालं, "अरे बघा बघा महाराज आले", "किती दिवस टिकतंय बघू", "घरी कळलं का काय", आणि सगळ्यात डेंजर म्हणजे "शेवटची एक मार माझ्यासाठी". जो हे टपरीवर ऐकून आलाय त्यालाच माहितीये की निकोटिनपेक्षा हे अवघड आहे.

आणि इथेच कूपनचा खरा उपयोग झाला, जो स्कीम काढणाऱ्यांच्या डोक्यात होता का नाही मला शंका आहे. मी टपरीवर म्हणायला लागलो, "नको रे, गुरुवारी मशीन आहे, ९० रुपये जातील." बास. कोणी हसलं नाही. पैशाचं कारण दिलं की आपल्याकडे सगळ्यांना लगेच पटतं, तब्येतीचं कारण दिलं की माणूस भित्रा ठरतो. उलट पोरंच मला आठवण करून द्यायला लागली, "ए याला देऊ नका, याचे ११० आहेत सोमवारी, आपल्याला वडापाव खायचाय त्यातून." म्हणजे माझं कूपन हे ग्रुपचं कूपन झालं. मी हे मॅडमना सांगितलं तर त्यांनी वहीत लिहून घेतलं.

सिटिंग ३ मध्ये एक गंमत झाली. मॅडमनी विचारलं, १ ते १० मध्ये सोडायची किती इच्छा आहे? मी म्हणलं ५. मला वाटलं आता लेक्चर मिळणार की ५ च का. तर विचारलं, "५ का, २ का नाही?" आणि मी स्वतःच बोलत सुटलो, की पायऱ्या चढताना धाप लागते, की घरी गेलो की चार दिवस गावातल्या मित्राच्या पाठीमागे लपत ओढावी लागते, की आई शर्ट धुवायला घेते तेव्हा पोटात गोळा येतो. बाहेर आल्यावर लक्षात आलं की सगळी कारणं मीच दिली, मॅडमनी एक पण दिलं नाही. चलाखी आहे, पण चांगली चलाखी आहे.

निकोटिन च्युइंगमबद्दल एक इशारा. २ मिलिग्रॅमचं मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतं, पण ते नेहमीच्या च्युइंगमसारखं चघळायचं नसतं. मी पहिल्या दिवशी कराकरा चावलं आणि ओरल्सच्या (तोंडी परीक्षेच्या) रांगेत अर्धा तास उचक्या. थोडं चावायचं, जिभेला चुरचुरलं की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचं, चव गेली की परत दोन चावे. आणि चहा-कॉफीनंतर पंधरा मिनिटं थांबायचं, नाहीतर निकोटिन नीट शोषलंच जात नाही. इथे तर आमचं सगळं आयुष्यच चहावर, त्यामुळे मला हे सगळ्यात जड गेलं. चहाचं अजून एक. सोडल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माझे हात थरथरायला लागले, झोप उडाली, मला वाटलं विथड्रॉवल, म्हणजे सिगारेट सुटल्याचा त्रास. मॅडमनी विचारलं चहा किती? सहा. म्हणाल्या तीन कर. सिगारेटच्या धुरामुळे लिव्हर कॅफिन फटाफट संपवत असतं, सिगारेट थांबली की तेच सहा चहा अंगात दुपटीने साठतात. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर दोन रात्री वाचल्या असत्या. सोडणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी हेच सांगायला पाहिजे, आमच्याकडे दुसऱ्या सिटिंगला सांगितलं, म्हणून अर्धा मार्क कापला.

मी पडलो पण. तिसऱ्या आठवड्यात, पाच क्लीन झाले होते, १५० चं कूपन समोर होतं, आणि इन-सेमच्या (सेमिस्टरमधल्या परीक्षेच्या) आदल्या रात्री थर्मोचं, म्हणजे थर्मोडायनॅमिक्सचं, एक प्रकरण पण झालेलं नव्हतं. रात्री दोनला खाली उतरलो, तीन ओढल्या, सकाळी पेपरच्या आधी अजून एक. दुपारी मशीनवर ११. त्या दिवसाचे गेले आणि परत ५० पासून सुरू. शेवटी माझे एकूण झाले १८५०, म्हणजे त्या रात्रीची किंमत १३५० रुपये. थर्मोला १४ पडले ३० पैकी, तेवढ्यात तर न ओढता पण पडले असते. पण मशीनवर नापास झाल्यावर मला जी भीती होती, की आता रजिस्टरवर लाल शेरा आणि भाषण, ते झालं नाही. मॅडमनी विचारलं, पहिली पेटवायच्या आधीची पाच मिनिटं सांग. म्हणलं भूक लागली होती, मेस बंद, रूमवर काही नव्हतं. "मग खालून काय आणलंस?" सिगारेट. "बिस्किट पुडा तिथेच होता ना?" होता. तेव्हापासून रूमवर फुटाणे, शेंगदाणे असा साठा असतो, वजन ४ किलो वाढलंय, तो वेगळा विषय.

आता तक्रारी. पहिली, फॉर्मवर पालकांचा मोबाईल नंबर कंपल्सरी. कशाला? मॅडम म्हणाल्या आम्ही फोन करत नाही, पण हे ऑफिसवाला सांगत नाही, तो नुसता "भरा, भरा" करतो, आणि माझ्या डोळ्यासमोर दोन जण फॉर्म अर्धवट सोडून परत गेले. त्याहून वाईट, पहिल्या आठवड्यात सिटिंगचं टाइमटेबल नावासकट नोटीस बोर्डावर लावलं होतं!! आमच्या वर्गातल्या दोन मुली ओढतात हे मला माहितीये, त्यांनी ते बोर्ड बघून नाव काढून घेतलं. पोरगं ओढतं म्हणलं की चार जण हसतात, मुलीचं नाव लागलं की काय काय बोलतात ते सांगायला नको. पुढच्या आठवड्यात कागद काढला, पण त्या आल्या नाहीत ते नाहीच. ऑफिसचा १ तो इथून आलाय.

दुसरी, सुरुवातीला ऑफिसचा प्लॅन होता की ५०० डिपॉझिट भरा, सोडली तर परत देऊ. मॅडमनी हाणून पाडला असं ऐकलं, बरंच केलं. मी नंतर शोधून वाचलं तर अमेरिकेत एका मेडिकल स्टोअर चेनच्या कर्मचाऱ्यांवर झालेला अभ्यास आहे, २०१५ ला छापून आलाय. ज्यांना नुसतं बक्षीस देऊ म्हणलं त्यातले ९० टक्के तयार झाले, आणि आधी १५० डॉलर डिपॉझिट ठेवा म्हणलं त्यातले १३.७ टक्के. सहा महिने सुटलेली राहिली ती बक्षीसवाल्यांमध्ये १५.७ टक्के, डिपॉझिटवाल्यांमध्ये १०.२ आणि ज्यांना काहीच पैसे देऊ केले नव्हते त्यांच्यात ६. फिलिपिन्समध्ये पण एका बँकेने असंच खातं काढून बघितलं होतं, पैसे टाका, सहा महिन्यांनी लघवीची टेस्ट, नापास झालात तर पैसे दानात. तिथे पण ११ टक्केच लोक तयार झाले. जे ठेवतात त्यांच्यावर डिपॉझिटचा असर जोरात होतो हे खरं, पण ठेवणार कोण? महिन्याच्या २० तारखेला माझ्याकडे ५०० असते तर मी झेरॉक्सची उधारी दिली नसती का. आणि हे पण बघा की सगळ्यात चांगला आकडा १५.७ च आहे, म्हणजे पैसे देऊन पण बहुतेकांची सुटत नाही.

तिसरी तक्रार मोठी आहे आणि ती कोणी बोलत नाही. मशीन फक्त धूर पकडतं. आमच्या बॅचमधला एक जण चौथ्या आठवड्यात सिगारेटवरून तंबाखू-चुन्यावर गेला. आकडा २. कूपन दर वेळी. मॅडम सोडून सगळ्यांना माहिती. आपल्या महाराष्ट्रात मुळात ओढणारे कमी आणि खाणारे जास्त, २०१६-१७ च्या सरकारी सर्वेमध्ये मोठ्या माणसांपैकी तंबाखू कुठल्याही रूपात घेणारे २६.६ टक्के आणि ओढणारे फक्त ३.८ टक्के. माझ्या घरात बघा, वडील खातात, आजी मिश्री लावायची, ओढणारा मी एकटा निघालो. मग फक्त फुंकरीवर पैसे देणारी स्कीम इथे चालवायची म्हणजे पुढचं दार लावून मागचं उघडं ठेवणं. लघवीत कोटिनिन (निकोटिनचं शरीरात जे बनतं ते) बघायची टेस्ट असते, ती तंबाखू खाल्लेला पण पकडते, पण मग माझ्यासारखा निकोटिनचं च्युइंगम खाणारा पण त्यात सापडणार, त्यामुळे ती पण सरळ लावता येत नाही. उपाय मला पण माहिती नाही. निदान सिटिंगमध्ये तोंड उघडून बघायला काय हरकत आहे, बऱ्याच डेंटल कॉलेजात तंबाखू सोडायचं केंद्र असतं, तिथला एखादा डॉक्टर महिन्यातून एकदा बोलवा.

तशीच एक पळवाट सोमवार-गुरुवारची पण आहे. कार्बन मोनॉक्साइड एका दिवसात बऱ्यापैकी उतरतो, त्यामुळे आठवड्यातून एकदाच फुंकर चालू झाली की शनिवारी ओढून सोमवारी क्लीन येणारे निघालेच. मी नाही केलं असं. दोनदा केलं. (मॅडम वाचत असतील तर सॉरी, आठव्या आणि नवव्या आठवड्यात.) म्हणजे वरचे १८५० पण पूर्ण प्रामाणिक नाहीयेत.

आणि शेवट. १२ वा आठवडा झाला, फोटो काढला, टाटा. सुरुवातीला खोलीत जागा नसायची, शेवटी आम्ही एका बाकावर मावत होतो, आणि त्या एका बाकाला पण पुढच्या सोमवारी कुठे जायचं ते कोणी सांगितलं नाही. तेराव्या आठवड्यात टपरीवर उभा होतो, पुढे केली, मी सवयीने म्हणलं "मशीन आहे", तर म्हणे "संपलं ना तुझं मशीन?" त्या क्षणाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कूपन हळूहळू कमी करत न्यायला पाहिजे होतं, महिन्यातून एक फुंकर, वर्षभर, रुपया दिला नाही तरी चालेल, "मशीन आहे" म्हणता आलं पाहिजे. त्या दिवशी एक ओढली. मग पाकिटावर छापलेला नंबर असतो ना, १८००-११-२३५६, तो लावला, फ्री आहे, सोडायची तारीख ठरवून घेतात आणि मग तेच परत फोन करून विचारतात. आता टपरीवर मी सांगतो, "नको, त्यांचा फोन येतो मला." चालतंय अजून तरी. पाच महिने झाले, मधल्या मामेभावाच्या लग्नातल्या दोन सोडून.

जाणार असाल तर, पालकांच्या नंबरच्या जागी मी माझाच दुसरा सिम टाकला होता, चालतो. दुपारी ३ नंतर जाऊ नका, प्रॅक्टिकलच्या बॅचेस येतात आणि मशीन एकच आहे. नळी स्वतः सीलबंद मागून घ्या. पहिली सिटिंग चुकवू नका, तो कागदवाला प्रकार त्यातच होतो. आणि माझ्याकडे झेरॉक्सची तीन कूपनं शिल्लक आहेत, ३१ मार्चला एक्स्पायर होतायत, आपल्या कॉलेजचं कोणी असेल तर घेऊन जा, बदल्यात एक कटिंग, टपरीवर नको, कँटीनला.